मांजरांच्या काळजाचे डॉक्टर

ईसीजीच्या रांगेत त्या दिवशी सगळ्यात शेवटी जे गृहस्थ उभे होते, त्यांच्या हातातल्या केस पेपरवर लिहिलं होतं : नाव सोनी, वय तीन वर्षं, स्त्री. इतक्या लहान मुलीची ही तपासणी आमच्याकडे क्वचितच येई. म्हणून मी आवाज जरा मऊ केला आणि म्हणाले, "आणा, बाळाला इथं निजवा." त्यांनी खांद्यावरची कापडी पिशवी अलगद टेबलावर ठेवली, नाडी सैल केली, आणि आतून एका पिवळ्या मांजरीनं डोकं बाहेर काढलं.

मी दोन पावलं मागं सरकले. ते मात्र शांतपणे म्हणाले की खिडकीवरच्या क्लार्कनं नाव विचारलं, वय विचारलं, बाई का पुरुष ते विचारलं. माणूस आहे का, हे काही विचारलं नाही. "मी खोटं बोललो न्हाई, बाई. विचारलं तेवढं सांगितलं."

या एका वाक्यात तो सगळा माणूस होता. पण हे कळायला मला पुढं काही वर्षं लागली. त्या दिवशी मी त्यांना मांजरासकट बाहेर काढलं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, पाट्यांचा रंग ओला होता, आणि कुठल्या टेबलावर कोण बसतं हे टेबलावर बसणाऱ्यालाही नीट ठाऊक नसे. मी नांदेडची. दवाखान्यात ईसीजी काढण्याचं काम करायची. नव्या जिल्ह्याच्या दवाखान्यात माणसं हवीत म्हणून माझी बदली झाली. माझे यजमान नांदेडला रेल्वेच्या कचेरीत, त्यामुळे ते तिकडं आणि मी इकडं, एका परिचारिकेबरोबर खोली करून. त्यात पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. आमच्या गल्लीत तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. आम्ही पाणी गाळायचो, झाकायचो, आणि भांडी राखेनं कोरडीच घासायचो.

मांजरवाले गृहस्थ दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, या वेळी मांजर न घेता. ते जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर होते. मूळचे अहमदपूरचे, घर व्यापाऱ्याचं. चाळिशीचे असतील. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि पावसाचा पत्ता नसताना काखेत कायम छत्री. ती मांजरांसाठी, हे नंतर कळलं; पिशवीवर ऊन लागू नये म्हणून. घड्याळ ते उजव्या हातात, तबकडी आतल्या बाजूला करून बांधत. मांजराच्या मांडीची नाडी डाव्या बोटांनी बघायची आणि मान न वळवता काटा दिसायला हवा, एवढंच त्याचं कारण.

त्यांनी मला जे सांगितलं ते असं. मांजरांना हृदयाच्या स्नायूचा एक रोग होतो. हृदयाची भिंत आतून जाड होत जाते, रक्ताला जागा कमी पडते. मांजर वरून छान दिसतं, खातं, खेळतं, आणि एक दिवस अचानक मरतं. परदेशात यावर काम चालू आहे, त्यांनी वाचलंय. आपल्याकडे कुणी बघितलेलंच नाही. माणसाच्या यंत्रानं मांजराच्या हृदयाची पट्टी निघते का, आणि निघाली तर तिच्यावर हा रोग आधी ओळखता येतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मी विचारलं, "आणि ओळखला तर औषध आहे?"

"माझ्याकडं तर न्हाई," ते म्हणाले.

आमच्या दवाखान्याला नव्या जिल्ह्याचं म्हणून नवं यंत्र मिळालं होतं आणि जुनं भांडारात धूळ खात पडलं होतं. ते बाद ठरवून जनावरांच्या दवाखान्याला द्यावं, यासाठी डॉक्टरांनी किती अर्ज केले याला गणती नाही. अखेर एक दिवस दोन हमालांनी ते यंत्र हातगाड्यावर घालून नेलं आणि मागून डॉक्टर छत्री धरून चालत गेले. यंत्र चालवायचं कसं, हे त्यांना येत नव्हतं. त्यांनी मला सरळ विचारलं, "रविवारी याल का?" आणि मी, का कोण जाणे, हो म्हणाले.

असे रविवार पुढं चार वर्षं चालले. त्यांच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत लाकडी टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीवर मांजर. मांजराला उजव्या कुशीवर निजवायचं, चारी पायांना चिमटे लावायचे. माणसाच्या मनगटाला लावतो ते पट्टे तिथं कामाचे नव्हते. डॉक्टरांनी लहान धातूचे चिमटे आणून त्यांचे दात कानशीनं एकेक करून घासले होते आणि आधी स्वतःच्या कानाच्या पाळीला लावून बघितले होते. मांजराचं हृदय माणसाच्या दुप्पट-तिप्पट वेगानं चालतं, म्हणून कागदही पळवायला लागे. यंत्राची गरम काडी कागदावर थरथरत जायची आणि बारीक शिखरांची रांग उमटत जायची. ती बघताना डॉक्टर श्वाससुद्धा हळू घेत.

मांजर धरायचं काम वहिनींचं. वहिनी म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. ठेंगण्या, हसऱ्या, आणि मांजरं मुळीच न आवडणाऱ्या. हे त्या कुणापासून लपवत नसत. पण त्यांच्या हातात मांजर जितकं निवांत पडायचं तितकं कुणाच्याच हातात नाही. आणि निवांत पडलं की ते घुरघुरायला लागायचं, हीच तर अडचण होती. घुरघुरीनं अंग थरथरतं आणि पट्टी पार बिघडते. डॉक्टरांनी कुठंतरी वाचलं होतं की नळ सोडला तर पाण्याच्या आवाजानं मांजर घुरघुर थांबवतं. नळाला पाणी असतं तर त्यांनी सोडलाही असता. मग वहिनींच्या सासूबाई, सत्तरीच्या, मांजराच्या कानाशी बसत आणि एका तांब्यातलं पाणी उंचावरून दुसऱ्या तांब्यात ओतत. मांजर कान टवकारून गप्प होई. दिवसभर तेच एक तांब्याभर पाणी इकडून तिकडं ओतलं जाई आणि शेवटी दारातल्या तुळशीला जाई.

डॉक्टर मांजरांना 'अहो' म्हणत. "बसा. जरा दम धरा. झालंच आहे तुमचं." माणसांशी मात्र ते इतकं गोड बोलत नसत. चार वर्षांत त्यांनी माझी एकदाही स्तुती केली नाही. पट्टी चांगली आली तर "हं" म्हणत आणि वाईट आली तर "पुन्हा". एका रविवारी माझे यजमान नांदेडहून मुद्दाम मला भेटायला आले होते. मी निरोप धाडला की आज जमणार नाही. उलट निरोप आला, यजमानांनाही घेऊन या, वहिनींच्या हाताला फोड आलाय, धरायला माणूस लागतोय. यजमान गेले, बोचकारे घेऊन आले, आणि तेव्हापासून ते त्यांना 'तुमचे मांजरसाहेब' म्हणू लागले.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. प्रत्येक मांजराचं नाव, मालक, वजन, पट्टीची मापं, आणि शेवटच्या रकान्यात मत. या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिलेले शब्द होते 'माहीत नाही'. ते घाईनं लिहिलेले नसत. बराच वेळ भिंगातून पट्टी बघून, फूटपट्टीनं शिखराची उंची मोजून, मग स्वच्छ अक्षरात. एकदा मी वैतागून म्हटलं की एवढा खटाटोप करून माहीतच नाही लिहायचं तर करायचं कशाला? ते म्हणाले, "आधी माहीत न्हाई हे बी माहीत नव्हतं."

आणि त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "कागदावर जेवढं हाय तेवढंच बोला."

दुष्काळात जनावरांसाठी छावणी उघडली होती. सोमवार ते शनिवार डॉक्टर तिथंच. सकाळी जीप निघायची ती अंधार पडताना परत यायची. बैलांच्या पोटात चिंध्या, दोऱ्या निघायच्या. गायी उठायच्या नाहीत. हे सगळं करून ते रविवारी मांजरांकडे वळायचे. पण लोकांना मांजरंच दिसली. एका बैठकीत कुणी सदस्य उठून म्हणाले की जनावरं मरून राहिलीत आणि डॉक्टर मांजराची नाडी बघून राहिलेत. सगळे हसले. डॉक्टरांना उत्तर द्यायला सांगितलं तर ते उभे राहिले, म्हणाले, "रविवार माझा हाय," आणि बसले. छावणीतल्या आपल्या कामाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मी नंतर विचारलं, का नाही सांगितलं? त्यांचं म्हणणं, ते तर पगाराचं काम, त्याचं काय सांगायचं.

आता आडत बाजारातली गोष्ट सांगते. तीच सांगायची म्हणून हे लिहायला बसले.

बाजारात धान्याच्या प्रत्येक आडतीत उंदरांसाठी मांजरं पाळलेली असत. डॉक्टरांनी ओळखीच्या चार-पाच दुकानांतून ती रविवारी तपासायला मागून घेतली होती. त्यातली एक राखी रंगाची, राणी नावाची. तिचे मालक आप्पा; मोठे आडतदार, स्वभावानं तापट, पण या मांजरीवर जीव. राणीची पट्टी मीच काढली होती. शिखरं उंच आणि जरा रुंद आली होती. डॉक्टरांनी वहीत 'शंका' असं लिहिलं आणि आप्पांना महिन्यानं तिला पुन्हा आणायला सांगितलं. आप्पांनी काही आणलं नाही.

मग एक दिवस दुपारी दवाखाना बंद होता होता डॉक्टरांची जीप आमच्या दारात उभी राहिली. ते छावणीतून तसेच आले होते, पायजम्याला शेण लागलेलं. म्हणाले, "आप्पांचा माणूस छावणीत आला होता. राणीला झालंय काहीतरी. घरून पट्टी घेतलीय मी. तुम्ही काढलीत, तुम्ही चला."

दुकानापुढं गर्दी होती. आत पोत्यांच्या थप्पीशेजारी राणी पडली होती. ती ओरडत होती. मांजराचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. पुढच्या पायांवर ती अंग ओढत होती आणि मागचे दोन्ही पाय चिंधीसारखे मागून फरपटत होते. एका बाजूला एक हवालदार स्टुलावर बसला होता आणि त्याच्यासमोर जमिनीवर गयाबाई.

गयाबाई म्हणजे दुकानांत सांडलेलं धान्य झाडून मातेरं गोळा करणारी बाई. मातीत मिसळलेलं ते धान्य निवडायचं, पाखडायचं आणि त्यावर घर चालवायचं. बाजारात माल येईना तेव्हा आप्पांनी अशा बायकांना दुकानात यायला बंदी केली. गयाबाईचं त्यावरून आप्पांशी वाजलंही होतं. तरी ती येत होती, दाराबाहेरचं झाडून नेत होती. आणि त्या सकाळी तिनं राणीला भाकरीचा तुकडा टाकलेला मुनिमानं पाहिला होता. तासाभरात मांजर असं झालं. आप्पांच्या घरच्यांनी तर हंबरडाच फोडला होता. मांजर मारल्याचं पाप काशीला सोन्याचं मांजर वाहिल्याशिवाय फिटत नाही असं मानणारं घर ते.

"म्या काय बी घातलं न्हाई," गयाबाई हवालदाराला सांगत होती. "माझ्या वाटणीची भाकर व्हती. तिनं पायाला अंग घासलं म्हणून टाकला तुकडा."

आप्पांनी डॉक्टरांना पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा आता. हिनं विष घातलं का न्हाई?"

डॉक्टरांनी पट्टी माझ्या हातात दिली. मला एवढंच दिसत होतं की त्या बाईला चौकीवर नेणार. मी पट्टी उलगडून मोठ्यानं म्हणाले, "हे बघा, हिचं हृदय महिन्यापूर्वीच खराब झालेलं होतं."

"बाई," डॉक्टर मला थांबवत म्हणाले, "कागदावर ते न्हाई. डाव्या बाजूची भिंत जाड झाली असावी, अशी शंका एवढंच हाय कागदावर."

मुनीम हसला. म्हणजे शंकाच की, असं काहीतरी तो बोलला. मला इतका राग आला की कान तापले. एक शब्द ठामपणे बोलला असता या माणसानं तर काय बिघडलं असतं? समोर एक बाई हात जोडून बसलीय आणि याला शब्दाची पडलीय. मी पट्टी त्यांच्याकडे परत दिली आणि बाजूला झाले.

ते माझ्याकडे न बघता राणीशेजारी खाली बसले. तिला म्हणाले, "कळतंय मला. कळतंय." मग आप्पांना जवळ बोलावलं. आप्पा आले. डॉक्टरांनी त्यांचा हात धरून राणीच्या पुढच्या पंजावर ठेवला, मग मागच्या पंजावर. पुन्हा पुढच्या, पुन्हा मागच्या.

"काय लागतंय हाताला?"

"हे गरम हाय," आप्पा म्हणाले. "आणि हे गार."

"तळवा बघा. पुढचा गुलाबी हाय. मागचा?"

"निळा पडलाय."

"आप्पा, विष रक्तातून साऱ्या अंगभर जातं. कंबरेपाशी येऊन थांबत न्हाई."

हवालदारही स्टुलावरून उठून बघायला आला. डॉक्टरांनी राणीला वेदना थांबायचं इंजेक्शन दिलं आणि तिथंच बसून राहिले. अर्ध्या तासानं ती गेली. आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मग डॉक्टरांनी ते मागितलं जे मागायला मी धजले नसते. राणीला उघडून बघायची परवानगी. आप्पांनी आधी साफ नाही म्हटलं. घरच्यांनी तिला पुरायला खड्डा खणला होता, हळदकुंकू आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही न्हाई म्हणालात तर मी जातो. पण मग या बाईनं केलं का न्हाई, ते मला माहीत न्हाई, तुम्हालाबी न्हाई. तुम्ही जल्मभर शंका घेऊन बसाल आणि ही जल्मभर शिक्षा घेऊन."

आप्पांनी मानेनं हो म्हटलं.

मागच्या पडवीत पोत्यावर त्यांनी ते काम केलं, आप्पा, मुनीम आणि हवालदार यांना समोर उभं करून. हृदय कापून दाखवलं. भिंत इतकी जाड की आतली पोकळी जवळजवळ बुजलेली. मग पाठीच्या कण्याखालची मोठी रक्तवाहिनी उघडी करत ते खाली आले, आणि जिथं ती दोन पायांसाठी दोन ठिकाणी फुटते तिथं हृदयातून वाहत आलेली गोठलेल्या रक्ताची काळपट गाठ अडकलेली होती, मागच्या पायांचं रक्त अडवून फाट्यात बरोबर बसलेली. पोट उघडून भाकरीचा तुकडाही दाखवला. अजून तसाच होता. तो त्यांनी चिमट्यानं उचलून कागदात बांधला आणि हवालदाराच्या हातात दिला. तपासणीला पाठवा म्हणाले, माझं नुसतं ऐकू नका.

हवालदारानं पुडी खिशात घातली आणि गयाबाईला जायला सांगितलं.

आप्पा मुनिमाला म्हणाले, तिला सांग उद्यापासून ये म्हणावं. डॉक्टर अर्धी बादली पाण्यात हात धूत होते. ते मान वर न करता म्हणाले, "ती इथंच बसलीय. तुम्हीच सांगा."

मग आप्पा तिच्यापाशी गेले. "ये उद्यापासून. आत येऊन झाड."

गयाबाई उठली, पदर झटकला. "यीन," ती म्हणाली, "पर तुमच्या दुकानात न्हाई. दुसऱ्या आडतीला झाडीन." आणि झाडणी उचलून गेली.

जीपमध्ये मी डॉक्टरांना म्हटलं की तुमच्यावर फार रागावले होते. त्यांना ते कळलेलंच होतं. म्हणाले, "मी हृदय खराब हाय म्हणून छातीठोक सांगितलं असतं आणि उघडल्यावर न्हाई निघालं असतं, तर? तिला माझ्या खोट्यानं फाशी बसली असती."

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही एकाच एसटीनं निघालो होतो. ते अहमदपूरला, मी पुढं नांदेडला. खिडकीतून नुसती उघडी रानं दिसत होती. ते आपणहून बोलले, असं फार कमी वेळा झालं. त्यांच्या लहानपणी वडिलांच्या दुकानातलं मांजर असंच मागचे पाय ओढत मेलं होतं. वडिलांनी दुकानातल्या गड्यावर विषाचा आळ घेतला आणि त्याला हाकलून दिलं. पंधरा वर्षं राबलेला माणूस. तो गाव सोडून गेला, पुन्हा दिसला नाही.

"म्हणजे त्या मांजराला हाच रोग होता," मी म्हणाले.

"तसं मी म्हणत न्हाई, बाई. त्या मांजराचा कागद माझ्याकडं न्हाई."

आडत बाजारातल्या त्या प्रकारानंतर मला वाटलं होतं, डॉक्टरांचं नाव होईल. तसं काही झालं नाही. झालं ते एवढंच की दोन रविवारांनी गयाबाई कोंबड्यांच्या डालीखाली मांजर झाकून दारात आली. मांजर धडधाकट होतं. "तुमास्नी मांजरं लागत्यात म्हणं," ती म्हणाली. डॉक्टरांनी त्याचीही पट्टी काढली. पुढच्या रविवारी दुसरं. वस्तीतली, बाजारातली, कुणाकुणाची मांजरं ती आणायची आणि संध्याकाळी ज्याची त्याला पोचवायची.

तिच्या या मांजरांचं मोल पुढं कळलं. डॉक्टरांनी सगळी मापं जमवून एक लेख लिहिला, मी तो टंकून घेतला, आणि पशुवैद्यकांच्या एका मासिकाकडे पाठवला. तो परत आला. शेरा असा होता की आजारी मांजरांची शिखरं उंच आहेत म्हणता, पण आपल्याकडच्या निरोगी मांजरांची किती उंच असतात हे कुणी मोजलंय? मला वाईट वाटलं. डॉक्टर तो शेरा तीनदा वाचून म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं." आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांनी निरोगी मांजरांच्याच पट्ट्या काढल्या. ज्यात काही सापडत नाही, ज्यात कुणाला रस नाही, असं काम. तपासलेल्या मांजरांच्या घरी ते वर्षावर्षानं जाऊन यायचे, आहे का गेलं, गेलं तर कसं गेलं, ते विचारायचे. मांजराची चौकशी करायला दारात आलेला सरकारी डॉक्टर बघून लोक आधी घाबरत, मग चहा देत.

पाऊस आला, छावणी उठली, त्यांची हदगावला बदली झाली. यंत्र त्यांनी रीतसर अर्ज करून मागून घेतलं, एसटीत शेजारच्या सीटवर बसवून नेलं आणि कंडक्टरनं मागायच्या आधी त्याचंही तिकीट काढलं. मी नांदेडला परत आले. हदगावहून त्यांच्या पट्ट्या पोस्टानं यायच्या, सोबत दोन ओळी : हे शिखर खरं का मांजर हललं? मी उत्तर लिहायची. त्यात 'तुम्ही कशा आहात' असं त्यांनी कधी विचारलं नाही. पण माझी आई गेली तेव्हा हदगावहून तीन तास उभ्यानं प्रवास करून आले, ओसरीवर तासभर काही न बोलता बसले, आणि गेले.

निवृत्तीनंतर ते अहमदपूरला राहिले. पट्ट्यांची एक लोखंडी पेटी भरली होती. लेख पुन्हा कधी पाठवला नाही; अजून मांजरं कमी पडतात म्हणायचे. आम्ही दोघंही म्हातारे झालो.

मग उदगीरची एक मुलगी त्यांच्याकडे आली. पशुवैद्यक होऊन ती पुढचं शिकत होती. तिच्याकडे आता असं यंत्र होतं की हृदय पडद्यावर हलताना दिसतं, भिंत किती जाड आहे ते थेट मोजता येतं. अहमदपुरात कुणा म्हाताऱ्याकडे मांजरांच्या पट्ट्यांची पेटी आहे, हे तिला शिक्षकांनी सांगितलं होतं. डॉक्टरांनी सगळी पेटीच तिच्या हवाली केली. ती वर्षभर काम करत होती. एकाच मांजराची आधी पट्टी काढायची, डॉक्टरांच्या मापांवरून मत लिहायचं, मग पडद्यावर बघायचं. काम झालं, सांगायला येते, असा तिचा फोन आला तेव्हा डॉक्टरांनी मला नांदेडहून बोलावून घेतलं. "पट्ट्या तुम्ही काढल्या. तुम्हीबी ऐका."

ती पेढे घेऊन आली. पाया पडली, तब्येत विचारली, वहिनींशी बोलत बसली. डॉक्टर म्हणाले, "गोड नंतर. पट्टीतून किती मांजरं सुटली ते सांगा."

ती गडबडली. म्हणाली, "सर, पट्टी बिघडलेली असली तर बहुतेक वेळा पडद्यावरही हृदय बिघडलेलंच दिसलं. तुमची मापं बरोबर आहेत."

"आणि?"

ती माझ्याकडे बघू लागली. मी खाली बघितलं.

"आणि पट्टी साफ असलेल्यांतही भिंत जाड निघाली, सर. थोडीथोडकी नाहीत."

डॉक्टरांनी हात पुढं केला. तिनं कागद दिले. एका बाजूला पट्टी, दुसऱ्या बाजूला पडद्याचं चित्र. त्यांनी भिंग घेतलं आणि एकेक जोडी बघत गेले. त्यात तासभर गेला. शेवटचा कागद ठेवून ते म्हणाले, "ह्या पट्ट्या मीबी साफच म्हटल्या असत्या."

मग त्यांनी कपाटातून तो जुना टंकलेला लेख काढला. कडा पिवळ्या पडल्या होत्या. पहिल्या पानावर, नावाच्याही वर, त्यांनी पेनानं सावकाश लिहिलं : 'पट्टी साफ आहे म्हणून मांजर निरोगी आहे असे समजू नये.' खाली तारीख घातली, सही केली आणि लेख तिच्यापुढं ठेवला. "हे आधी छापा. बाकीचं मागं."

मुलीचे डोळे भरले होते. म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलं की," डॉक्टर म्हणाले. "ठीक हाय म्हणून घरी पाठवलेली किती आठवली आत्ता. पण वाईट वाटलं म्हणून कागद बदलत न्हाई." कागद जुळवत त्यांनी विचारलं, "आता तुमच्या पडद्यातून काय सुटतं, ते कोण बघून राहिलंय?"

"अजून तरी कुणी नाही, सर."

"मग?"

तिनं पर्समधून वही काढली आणि पेन शोधू लागली. डॉक्टरांनी स्वतःचं तिच्या हातात दिलं. ती लिहायला लागल्यावर त्यांनी पेढ्यांचा पुडा उघडला.